केबल सेक्रेटरींच्या कपाटात

आमच्या अपार्टमेंटचे सेक्रेटरी दाराची बेल वाजवत नाहीत. दाराशी येऊन खोकतात. त्या सकाळी ते खोकले तेव्हा मी डबा भरत होते.

"मॅडम, तुमचं ते सकाळी चालू होतं का?"

"काय?"

"ते... वरचं." त्यांनी बोट गच्चीकडे केलं.

वरचं म्हणजे माझा अँटेना. पाण्याच्या टाकीला लागून उभा केलेला एक पाइप, त्याच्या टोकावरून दोन्ही बाजूंना उतरलेली तार, आणि पाइप वाऱ्यात हलू नये म्हणून तीन दिशांना ताणून बांधलेल्या नायलॉनच्या दोऱ्या. मी हॅम आहे. म्हणजे परीक्षा देऊन, सरकारी परवाना घेऊन, हौस म्हणून वायरलेस सेटवर लोकांशी बोलते. लातुरात बसून सकाळी नांदेडशी, हुबळीशी, हवा चांगली असली तर केरळातल्या कुणाशी. काय बोलता, असं लोक विचारतात. तुमचा आवाज किती स्वच्छ येतो, माझा कसा येतो, आणि तिकडं पाऊस आहे का. एवढंच बोलतो. हे सांगितलं की लोकांचा संशय वाढतो. एवढंच बोलायला एवढी काठी कोण लावेल?

"चालू होतं," मी म्हटलं. "का?"

"नाही, म्हणजे, मोबाइलची रेंज गेलती. अप्पांचा फोनच लागेना म्हणे."

अप्पा तळमजल्यावर राहतात. मार्केट यार्डात त्यांचं आडतीचं दुकान आहे. आदल्या वर्षी काकूंच्या हृदयात जाळी बसवली. अप्पा दिवसभर दुकानात, सून शाळेत शिकवायला, नात डॉक्टरकीच्या प्रवेश परीक्षेच्या अभ्यासाला. मागच्या खोलीत काकू एकट्या, उशीखाली फोन. बरं वाटेनासं झालं आणि फोन लागला नाही तर? हा प्रश्न खोटा नव्हता. त्यामुळे मला रागही नीट येईना.

संध्याकाळी अप्पाच जिन्यात भेटले.

"ताई, तुमचं शास्त्र तुम्हाला ठाऊक. मला एवढंच कळतंय, तुमची काठी आली आन् आमचा फोन गेला."

"काठीला चार वर्षं झाली, अप्पा. फोन आत्ता जाऊन राहिला."

"मग काठी आता तापली असंल."

मी वर आले.

माझी नोकरी बियाणं तपासण्याची. सोयाबीनच्या पिशवीवर काहीही छापलेलं असो, आम्ही दाणे ओल्या कागदात गुंडाळून ठेवतो आणि किती उगवतात ते पाहतो. या कामानं माणसाचा स्वभाव बिघडतो. पिशवीवरच्या अक्षरांवर विश्वास बसत नाही आणि पिशवी घेऊन येणाऱ्यावर तर नाहीच. त्यामुळे मी पहिला संशय घेतला तो स्वतःवर. तपासल्याशिवाय "माझं नाही" म्हणायला मी काही बियाणं विकणारी नाही.

दुसऱ्या दिवशी पहाटे मी नवऱ्याला खाली पार्किंगमध्ये उभं केलं.

"बहिणीला फोन लाव. मी वर सेटवर बोलत राहीन. तुझं बोलणं तुटलं तर सांग."

नणंद किल्लारीला असते. तिला पहाटे उठून बोलायला आवडतं.

"तुटलं तर बरंच होईल," नवरा म्हणाला.

तुटलं नाही. तिनं कारखान्याच्या ऊसतोडीपासून सुनेच्या माहेरापर्यंत सगळं सांगितलं. मी कमी पॉवरवर बोलून पाहिलं, पूर्ण पॉवरवर बोलून पाहिलं. आमचा टीव्ही लावला, अप्पांच्या शेजारच्यांचा लावला. काही हललं नाही. मोबाइलच्या लहरी आणि माझ्या लहरी एकमेकींपासून इतक्या लांब असतात की त्यांची भेट व्हायचं कारण नाही. पण हे पुस्तकात होतं. मला आमच्या भिंतींत पाहायचं होतं, ते मी पाहिलं.

सेक्रेटरींना निकाल सांगितला. ते अप्पांना सांगून परत आले.

"अप्पा म्हणतात, पहाटे कोण फोन करतंय? रेंज दिवसा जाते."

"दिवसा मी ऑफिसात असते. सेट बंद असतो."

सेक्रेटरींनी मान वर करून गच्चीकडं पाहिलं. "म्हणजे आपोआप चालू होत असंल का?"

रेडिओ मला नांदेडच्या एका गुरुजींनी शिकवला. माझ्या बहिणीचे ते शेजारी, निवृत्त विज्ञान शिक्षक. एका दिवाळीत मी बहिणीकडे गेले होते, तेव्हा ते गॅलरीत सेटसमोर डोळे मिटून बसलेले दिसले. कोण बोलतंय, असं मी विचारलं. "सध्या कुणीच नाही," ते म्हणाले, "तेच ऐकतोय." मला हा माणूस पटला. पुढं परवाना मिळाला तरी कित्येक आठवडे त्यांनी मला माइकला हात लावू दिला नाही. ऐक म्हणायचे. कोण कसं बोलतं, कोण मध्ये घुसतं, कोण उगाच ताणतं, ते ओळख. मग तुला काय करायचं नाही ते आपोआप कळेल.

त्यांचे नियम साधे होते. फ्रीक्वेन्सीवर कुणी नाही असं वाटलं तरी आधी विचारायचं, ही मोकळी आहे का. विचारून थांबायचं. पुन्हा विचारायचं. कारण बोलणारा आपल्याला ऐकू येत नसेल, पण आपण त्याच्या कानात जाऊन ओरडत असू. आपली ओळख स्पष्ट सांगायची, नाव दडवून बोलायचं नाही. जेवढ्या पॉवरमध्ये काम होतं तेवढीच लावायची. समोरच्याचं संपलं की लगेच सुरू करायचं नाही, मध्ये श्वासभर जागा सोडायची. कुणाला तातडीचं सांगायचं असेल तर तो त्या जागेतून आत येतो. धंदा नाही, राजकारण नाही, शेजाऱ्यांच्या उखाळ्यापाखाळ्या तर मुळीच नाहीत. आणि कुणी मुद्दाम त्रास देत असेल तर त्याला हवेवर उत्तर द्यायचं नाही. त्याला तेच हवं असतं.

आणि एक होता, तो मला तेव्हा फालतू वाटला होता. शेजाऱ्यानं तक्रार केली तर तक्रार खरी धरूनच कामाला लागायचं. खोटी निघाली तरी.

मी गुरुजींना फोनवर सगळं सांगितलं.

"तुझ्यामुळं नाही हे तुला ठाऊक आहे," ते म्हणाले, "मला ठाऊक आहे. त्यांना ठाऊक नाही. मग काय उपयोग?"

"म्हणजे मी सिद्ध करायचं?"

"काठी कुणाची आहे?"

त्याच आठवड्यात मी कपडे वाळत घालायला गच्चीवर गेले, तर पाइप कलला होता. एक दोरी ढिली पडली होती. ती नुसती सैल झालेली नव्हती, कुणीतरी सोडून परत बांधली होती. मी बांधते ती गाठ वेगळी. ही पोत्याच्या तोंडाला मारतात तशी होती, एक फेरा, एक फास, ओढला की घट्ट. आमच्या इमारतीत पोती कोण बांधतं, हे विचारायला कुठं जायची गरज नव्हती.

मी कुणाला काही बोलले नाही. पण त्या दिवसापासून मी गच्चीवर जाताना जिन्यात कोण आहे ते पाहू लागले. गच्चीची किल्ली कुणी घेतली, कुणी दिली, हे कान देऊन ऐकू लागले. समोरच्या वहिनींनी "आज वर पापड घालू का?" असं विचारलं तर पापडाच्या नावाखाली कोण वर येतंय, असा विचार माझ्या डोक्यात आला. त्या माझ्याकडे तशाच पाहत असणार. मी रात्री दोरीवरचे कपडे आणायला गेले तरी त्यांच्या खिडकीचा पडदा हलायचा.

नवरा म्हणाला, "तुझ्या काठीपायी मला जिन्यात कोणी रामराम घालीना झालंय. मी काय रेडिओ वाजवतो का?"

मग बैठकीची नोटीस लागली. विषय: गच्चीवरील काठी काढणेबाबत. परवानगी देताना याच लोकांनी चहा पिऊन सह्या केल्या होत्या. आता बहुमतानं ती परत घेतली असती तर मला दुसरी जागा नव्हती. सासरच्या गावचं घर भावकीत अडकलेलं, माहेर उमरीला, तिथं भाऊ. अँटेनाशिवाय सेट म्हणजे कपाटात ठेवायचा डबा. वयाच्या पंचेचाळिशीत परीक्षा देऊन मिळवलेली ही एकच गोष्ट होती जी घरातल्या कुणाच्या सोयीसाठी मी केली नव्हती. ती कुणाच्या तरी तापलेल्या काठीच्या हिशेबात जाऊ द्यायची माझी तयारी नव्हती.

आमच्याकडं एक सोपा उपाय असतो. किल्लारीच्या भूकंपाचं नाव काढायचं. तेव्हा फोन बंद पडले होते, वायरलेसवाल्यांनी निरोप पोचवले होते, असं म्हटलं की लातूर जिल्ह्यात कुणीही खाली मान घालतं. मी ते नाव काढत नाही. ज्यांची माणसं गेली त्यांच्या दुःखावर आपला पाइप उभा करायचा नसतो.

मी वेगळं केलं. सेटपासून अँटेनापर्यंत जाणारी केबल काढली, सेटची विजेची वायर काढली, दोन्ही गुंडाळून सेक्रेटरींच्या हातात दिल्या.

"ह्या तुमच्या कपाटात ठेवा. कुलूप लावा. मी बहिणीकडं नांदेडला चाललेय. मी येईपर्यंत रेंज गेली तर ती माझ्यामुळं गेली नाही, एवढं कबूल कराल?"

त्यांनी केबल उलटीपालटी करून पाहिली. "हिच्याशिवाय चालत नाही ना?"

"नाही."

"नक्की?"

"सेक्रेटरी, नळाला तोटी नसली तर पाणी येईल का?"

"तोटी नसली तर जास्तच येतं, मॅडम."

त्यांचं बरोबर होतं. उदाहरण चुकलं होतं. मी गेले.

नांदेडला बहिणीनं पुरणपोळ्या केल्या आणि मी गुरुजींच्या गॅलरीत बसून फक्त ऐकलं. तिसऱ्या दिवशी सेक्रेटरींना फोन लावला. ते बाजारातल्या त्यांच्या दुकानात होते, म्हणून लागला.

"काय म्हणते रेंज?"

"आज तर लईच गेली. सकाळपासून नाही."

"केबल कुठंय?"

"कपाटात. किल्ली माझ्या जानव्याला."

"मग?"

बराच वेळ तिकडून रिक्षांचे हॉर्न ऐकू आले. मग सेक्रेटरी हळूच म्हणाले, "पण मॅडम, अप्पा म्हणतात, दुसरी केबल असंल की तुमच्याकडं."

मी फोन ठेवला. गुरुजी पोट धरून हसले. हसून झाल्यावर म्हणाले, "आता एक झालं. तू तुझ्याकडून स्वच्छ. म्हणजे दुसरं कुणीतरी आहे. आता शोध."

"सापडल्यावर?"

"शोधणं वेगळं आणि बोभाटा वेगळा. नाव तोंडातून काढायच्या आधी पुन्हा तपास. तुला संशय घेणारे चुकले, मग तू बरोबरच असशील असं कशावरून?"

त्यांनी त्यांचा एक छोटा रिसीव्हर दिला, लॅपटॉपला लावायचा. कुठल्या फ्रीक्वेन्सीवर किती गोंगाट आहे ते पडद्यावर डोंगरासारखं दिसतं. त्याला जोडायला पीव्हीसीच्या नळीवर पत्र्याच्या पट्ट्या लावलेला हातातला अँटेना दिला. ज्या दिशेला धरावा त्या दिशेचं जास्त ऐकू येतं. हॅम लोक याचा खेळ खेळतात. कुणीतरी लहानसा ट्रान्समीटर लपवतं, बाकीचे शोधतात. मी खेळ म्हणून कधी खेळले नव्हते.

लातूरला परतल्यावर एक दिवसाची रजा टाकली आणि ते घेऊन गल्लीत उतरले. हातात पत्र्याची शिंगं, खांद्याला लॅपटॉप. कोपऱ्यावरच्या रिक्षावाल्यानं विचारलं, "मावशी, गल्ली मोजून राहिल्या का? रोड होणार का?"

"होईल."

"केव्हा?"

"तू रिक्षा बाजूला घे, मग सांगते."

पुढच्या रस्त्यावर पडदा शांत होता. आमच्या इमारतीच्या मागच्या बाजूला, अप्पांच्या मागच्या खोलीच्या खिडकीशी आले आणि पडद्यावर मोबाइलच्या फ्रीक्वेन्सीवर रुंद, सपाट डोंगर उभा राहिला. बोलणं नाही, संगीत नाही, नुसता खरखराट. असा गोंगाट चुकून होत नाही. तो करावा लागतो. शिंगं आमच्या गच्चीकडं धरली, डोंगर बसला. शेजारच्या इमारतीकडं धरली, उठला.

तिथं अभ्यासिका आहे. लातुरात अभ्यासिका गल्लोगल्ली आहेत. बाहेरगावची मुलं क्लासला येतात आणि उरलेला दिवस अशा हॉलमध्ये लाकडी खोक्यांत बसून पाठ करतात. ही नवी होती. तिचा हॉल आणि अप्पांची मागची खोली यांच्यात हातभर बोळ.

मला आनंद झाला नाही. गुरुजींचं वाक्य डोक्यात होतं. म्हणून मी घरी गेले, जेवण केलं, आणि परत आले, तर डोंगर गायब. मोबाइलला पूर्ण रेंज. मी चुकले होते का? मग बोळाच्या तोंडाशी डब्यांची रिक्षा उभी असलेली दिसली. मेसचे डबे उतरत होते. मुलं बाहेर येऊन घरी फोन करत होती, "हाव आई, जेवतोय, हाव." रिकामे डबे रिक्षात चढले, मुलं आत गेली, आणि थोड्याच वेळात पडद्यावर डोंगर पुन्हा उभा. पुढचे दोन दिवसही मी दुपारी ऑफिसातून येऊन पाहिलं. तसंच. माझी काठी जेवायला सुट्टी घेत नाही.

तिसऱ्या दिवशी मी अभ्यासिकेच्या सरांना भेटायला गेले. तरणा, इस्त्रीचा शर्ट, बोलायला गोड. मी बसायच्या आतच त्यांनी विचारलं, "मॅडम, तुम्ही कुणाकडून आलात? कोपऱ्यावरच्या अभ्यासिकेकडून का?"

"शेजारून आले. तुमच्या भिंतीवर ते काय आहे?"

पंख्याच्या बटनाशेजारी काळा डबा होता. त्यावर बोटभर उंचीचे अँटेना ओळीनं.

"वायफाय."

"वायफायला एवढी शिंगं?"

ते हसले. मग हसणं थांबलं. "पालकांचीच मागणी आहे, मॅडम. पोरं रील बघत बसतात. आमच्याकडं रेंजच नाही, हे ऐकून लोक उदगीरहून पोरं पाठवतात."

"दारात खण करा. फोन बाहेर ठेवून आत सोडा."

"केलतं. दोन फोन आणतात. एक खणात ठेवतात, दुसरा खिशात."

दुसरी केबल, दुसरा फोन. या गावात कुणाचंच एकावर भागत नाही, असं प्रत्येकाला वाटतं.

"रेंज मारणारं हे यंत्र खाजगी माणसाला वापरता येत नाही," मी म्हटलं. "आणि ते तुमच्या भिंतीशी थांबत नाही. पलीकडं हृदयरोगाचं माणूस झोपतं."

"आणि तुमच्या काठीला परवानगी आहे का?"

"आहे. घरी भिंतीवर लावलीय. या बघायला. पण चहाला या, भांडायला नको. तुम्ही हे काढलं नाही तर मी रीतसर लिहिणार आहे. न सांगता लिहायचं नाही, म्हणून सांगायला आले."

निघताना मला खोक्यांच्या ओळीत एक ओळखीची वेणी दिसली. अप्पांची नात. तिनं पुस्तकात मान आणखी खाली घातली.

आता मला कळेना की अप्पांना हे ठाऊक आहे की नाही. अप्पा कित्येक दिवस जिन्यात अभ्यासिकेचं कौतुक करत होते. "तिथं फोनला रेंजच येत न्हाई, पोरगी मान वर करत न्हाई." हा माणूस तिकडच्या रेंज नसण्याची वाहवा करत होता आणि इकडच्या रेंज नसण्यासाठी माझी दोरी सोडत होता. मध्ये हातभर बोळ. खरंच लक्षात आलं नसेल? की नातीचा अभ्यास मोडू नये म्हणून काठी पुढं केली? मी त्यांना सरळ विचारू शकले असते. विचारलं नाही. खोटं बोलले असते तर मला कळलं नसतं, आणि खरं बोलले असते तर मी विश्वास ठेवला नसता.

बैठक रविवारी होती. सेक्रेटरींना मी म्हटलं, दुपारी ठेवा, जेवणाच्या आधी.

"दुपारीच का?"

"सकाळी मला धुणं असतं."

त्यांनी माझ्याकडं रोखून पाहिलं, पण वेळ लावली. अभ्यासिका रविवारीही चालू असते. लातुरात रविवार हा चाचणीचा वार आहे.

मागच्या बाजूच्या पार्किंगमध्ये प्लास्टिकच्या खुर्च्या मांडल्या. सगळे आले. काकूही दाराशी स्टूल घेऊन बसल्या. सेक्रेटरींनी विषय वाचला. अप्पा उभे राहिले. "मला कुणाशी वैर न्हाई. पण परवा हिला घाम फुटला, हिनं मला फोन लावला, लागला न्हाई. शेजारणीनं रिक्षा करून दुकानावर माणूस धाडला. उद्या काय झालं तर ताई भरून देणार का?"

हे मला ठाऊक नव्हतं.

"सेक्रेटरी," मी म्हटलं, "केबल कुठंय?"

"कपाटात."

"आता कुणाच्या फोनला रेंज आहे?"

सगळ्यांनी फोन वर केले. कुणालाच नव्हती.

"मग थोडं थांबू."

"कशासाठी?" अप्पा म्हणाले.

"डबे येईपर्यंत."

"जेवणाचं काय मध्येच?"

पण लोक थांबले, कारण भांडण बघायला आलेली माणसं लवकर उठत नाहीत. रिक्षा आली. डब्यांचा खणखणाट झाला, बोळात मुलांचा गलका उठला. आणि मग पार्किंगमध्ये एका खुर्चीतून टिंग आवाज आला. दुसरीतून आला. वहिनींच्या पिशवीत भजन वाजायला लागलं. सेक्रेटरींच्या खिशातला फोन थरथरला. अप्पांचा फोन वाजला. दुकानातला मुनीम इतक्या मोठ्यानं बोलत होता की आम्हा सगळ्यांना ऐकू आलं. "अप्पा, कव्हापासून लावून राहिलो, गाडी आली की!"

मी कुणाचं नाव घेतलं नाही. सगळ्यांच्या माना आपोआप बोळाकडं वळल्या.

पहिल्यांदा बोलल्या त्या वहिनी. "अगंबाई, म्हणजे सरांनी मशीन लावलंय का? मग चांगलंच केलं की! आमचा मुलगा घरी असला की फोन सोडत नाही. तिथं बसतो तरी."

"हाव, ते बी खरंय," कुणीतरी म्हणालं. दोघातिघांनी माना डोलावल्या. ज्यांनी माझ्या पाइपसाठी नोटीस लावली होती, त्यांना सरांच्या त्या काळ्या डब्याची हरकत नव्हती.

सेक्रेटरी मात्र माझ्याकडं पाहत होते. "मॅडम, डबे आले की रेंज येणार, हे तुम्हाला आधीच कसं ठाऊक?"

"ऐकून."

"काय ऐकून?"

"कधी बंद होतं आणि कधी होत नाही ते."

"हं," ते म्हणाले. पटलं नव्हतं. बैठकीचा कागद घडी करून खिशात घालत ते म्हणाले, "मग असं करू का, दोन्ही काढून टाकू. म्हणजे कुणावर संशय नको."

तेवढ्यात अप्पांनी फोन खिशात टाकला. ते ना माझ्याकडं पाहत होते, ना वहिनींकडं. दाराशी स्टुलावर बसलेल्या काकूंकडं पाहत होते.

"माझी नात हाय तिथं," ते म्हणाले. "डॉक्टर व्हायचंय तिला." मग थोड्या वेळानं, "आन् ही हाय भिंतीला लागून."

काकू म्हणाल्या, "जावा की मग. बसलात काय?"

अप्पा बोळातून गेले. आम्ही खुर्च्यांतच बसून राहिलो. आतून सरांचा गोड आवाज येत होता, मग अप्पांचा, मग फक्त अप्पांचा. ते परत आले ते नातीचं दप्तर खांद्याला लावून, मागं नात. "सर म्हणतात, मशीन पलीकडच्या भिंतीला लावतो. मी म्हटलं, तिकडं बी कुणाची तरी बायको झोपत असंल." बस्स. काठीचा विषय पुढं कुणी काढला नाही, आणि सेक्रेटरींनी तो रद्द झाल्याचंही म्हटलं नाही.

अप्पांनी नात काढली हे गल्लीत कळल्यावर दोन दिवसांत तो काळा डबा गेला. मी स्वतः शिंगं घेऊन चारी बाजूंनी फिरून खात्री केली, कारण सरांच्या तोंडी शब्दावर मी राहणार नव्हते. आता दारात खण आहेत आणि आत शिरताना सर मुलांचे खिसे चाचपतात. नात परत जाते आहे. दुसऱ्या फोनचा संशय कायम आहे.

केबल मागायला मी सेक्रेटरींकडं गेले. "राहू द्या की अजून थोडे दिवस," ते म्हणाले. मी दारातच उभी राहून खोकले. मग त्यांनी आणून दिली. मी गोल गुंडाळून दिली होती, ती आठच्या आकारात गुंडाळलेली आली. कुणीतरी सोडून पाहिली होती. कशाला, ते मी विचारलं नाही. टोकं तपासली, ठीक होती.

जोडण्यासाठी गच्चीवर गेले, तर पाइप सरळ उभा होता. ढिली पडलेली दोरी कुणीतरी नव्यानं ताणली होती, आणि नुसती ती एकच नाही, तिन्ही. पोत्याची गाठ. एक फेरा, एक फास. मी एकेक ओढून पाहिली. हलली नाही. माझी गाठ बांधायला दोरी सोडावी असं हाताला वाटलं, पण पुन्हा ओढून पाहिली आणि तशीच ठेवली. वारा आला की कळेलच.

खाली येऊन सेट लावला. ही फ्रीक्वेन्सी मोकळी आहे का, असं विचारलं आणि थांबले. कुणी बोललं नाही. पुन्हा विचारलं.